हात चालतो पण "का केलं?" विचारलं की अडतं: नेटवर्क अप्रेंटिसच्या शेवटच्या असेसमेंटबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वीज वितरणातल्या अप्रेंटिसशिपचं शेवटचं वर्ष, काम मुख्यतः सबस्टेशन आणि एचटी (उच्च दाबाच्या) केबलवर, शेवटची असेसमेंट अडीच महिन्यांवर आलीये. लेखी पेपरची भीती नाही, हातही चांगला चालतो, पण सरावाच्या प्रॅक्टिकलला असेसरने मधेच थांबवून "हे का केलं?" विचारलं की काही सुचत नाही. लॉगबुक अर्धवट आहे. सिनियर म्हणतात काम येतंय ना, मग पास होशीलच. तर असेसर नेमकं बघतात काय, आणि उरलेल्या वेळात तयारी कशी करायची?

मी बरीच वर्षं नेटवर्कवर काम केलंय आणि त्यातली नंतरची वर्षं अप्रेंटिसना शिकवण्यात आणि त्यांच्या असेसमेंट घेण्यात गेली, त्यामुळे असेसरच्या डोक्यात त्या वेळी काय चाललेलं असतं ते सविस्तर सांगतो.

तुम्हाला वाटतंय की अडचण बोलण्याची आहे. मला ती वेगळीच दिसते. तुम्ही आजवर बहुतेक कामं सिनियरच्या मागे उभं राहून, त्यांनी ठरवलेल्या क्रमाने केली असणार. कुठला आयसोलेटर (उघडा गॅप ठेवून सप्लाय तोडणारा स्विच) उघडायचा, अर्थ (जमिनीशी जोडणी) कुठे लावायचा, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) किती व्होल्टवर ठेवायचा हे सगळं त्यांनी ठरवलं आणि हात तुमचे चालले. म्हणून हात तयार झाला पण ठरवायची सवय लागलीच नाही. असेसर "का" विचारतो तेव्हा तो त्या ठरवण्याबद्दल विचारत असतो, आणि जे आपण कधी ठरवलंच नाही त्याचं कारण ऐन वेळी कुठून सुचणार? यात तुमची हुशारी कमी आहे असं अजिबात नाही, शिकवण्याच्या पद्धतीत ही फट राहते आणि ती फार ठिकाणी राहते. अडीच महिन्यांत ती भरून निघते, पण वाचून नाही, ठरवून.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमची असेसमेंट कंपनीतलाच माणूस घेणार की बाहेरची संस्था, तुमच्या अप्रेंटिसशिपचा मार्ग लाइनचा आहे की केबलचा की सबस्टेशन-प्रोटेक्शनचा, कुठल्या व्होल्टेजपर्यंत, लॉगबुकला स्वतंत्र मार्क आहेत की ते फक्त तोंडी चर्चेचा आधार म्हणून वापरतात, हे जागोजागी वेगळं असतं. म्हणून पहिलं काम हे करा की तुमच्या असेसमेंटचा अधिकृत आराखडा मिळवा आणि त्यात "यात चूक झाली तर थेट नापास" असं जे काही लिहिलंय ते सगळ्यात आधी वाचा. बहुतेक ठिकाणी ढाचा मात्र सारखाच असतो: एक लेखी परीक्षा, एक प्रत्यक्ष काम असेसरच्या समोर, आणि एक लांबलचक तांत्रिक चर्चा.

हे तीन भाग का, ते समजून घेतलं तर तयारी सोपी जाते. वैद्यकीय शिक्षणातले जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक चार पायऱ्यांची मांडणी केली होती, माहिती आहे, कसं करायचं ते माहिती आहे, करून दाखवता येतं, आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करतो. डॉक्टरांसाठी केलेली ही मांडणी आपल्या धंद्याला फार चपखल बसते. लेखी पेपर पहिली पायरी आणि थोडीफार दुसरी बघतो. प्रॅक्टिकल तिसरी बघतं. चौथी, म्हणजे कुणी बघत नसताना रात्री पावसात फॉल्टवर गेल्यावर हा माणूस काय करेल, ती कुठल्याच परीक्षेत थेट दिसत नाही, म्हणून असेसर लॉगबुक आणि चर्चेतून तिचा अंदाज घेतो. "का केलं?" हा प्रश्न तिथून येतो. त्याला तुम्हाला अडकवायचं नसतं, उद्या साइट वेगळी असेल, डायग्राम वेगळा असेल, तेव्हाही तुम्ही नीट वागाल का एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

आता प्रॅक्टिकल. जवळपास प्रत्येक असेसमेंटमध्ये एक काम असतंच असतं: उपकरण सप्लायपासून वेगळं करून, डेड (व्होल्टेज नसलेलं) असल्याचं सिद्ध करून, अर्थ करून कामासाठी देणं. युरोपातल्या ईएन ५०११० या स्टँडर्डमध्ये याचे पाच टप्पे दिलेत आणि जगात कुठेही गेलात तरी नियम त्याच्याच आसपास असतात. सगळ्या बाजूंनी सप्लाय तोडा, पुन्हा कुणी चालू करणार नाही अशी सोय करा, व्होल्टेज नाही हे तपासा, अर्थ आणि शॉर्ट करा, शेजारी जे चालू आहे त्यापासून आडोसा करा. हे पाच सगळ्यांना पाठ असतात. माणसं अडकतात ती प्रत्येक टप्प्यामागच्या कारणात.

"सगळ्या बाजूंनी" हा शब्द घ्या. अप्रेंटिस फीडरचा (सप्लाय आणणाऱ्या लाइनचा) ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडतो, लॉक लावतो आणि समाधानी होतो. मी विचारतो, खालून काय येऊ शकतं? ११ केव्हीचा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर आहे, एलटी (कमी दाबाच्या) बाजूला कुणाचा तरी जनरेटर चेंजओव्हर न करता, म्हणजे नेटवर्कपासून वेगळा न करता सुरू झाला किंवा सोलरचा इन्व्हर्टर सप्लाय गेल्यावरही बंद झाला नाही. एलटीच्या एका वाइंडिंगला उलटे २३० व्होल्ट मिळाले की तोच ट्रान्सफॉर्मर वरच्या बाजूला दोन फेजमध्ये दहा हजारांच्या वर व्होल्ट उभे करतो, कारण वाइंडिंगच्या टर्न्सचं प्रमाण दोन्ही दिशांना तेच असतं, ट्रान्सफॉर्मरला सप्लाय कुठून आला याने फरक पडत नाही. हे एकदा स्वतः कागदावर काढून बघा, मग एलटीची बाजूसुद्धा का उघडायची हे कुणी विचारलं तर उत्तर आपोआप येईल.

डेड तपासताना टेस्टर आधी चालू जागेवर किंवा प्रूव्हिंग युनिटवर (टेस्टर तपासायला व्होल्टेज देणाऱ्या यंत्रावर) बघायचा, मग तिन्ही फेजवर, आणि मग पुन्हा चालू जागेवर. शेवटची तपासणी सगळे विसरतात, आणि अनेक ठिकाणी ती विसरली की असेसमेंट तिथेच संपते. इतकं कडक का? कारण मधल्या वेळात टेस्टरची बॅटरी गेली, लीड तुटली, तर "व्होल्टेज नाही" आणि "टेस्टर बंद आहे" या दोन गोष्टी दिसायला हुबेहूब सारख्या असतात. शरीराचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरला तर २३० व्होल्टलासुद्धा २३० मिलीअँपियर जातात, आणि माणसाच्या संरक्षणासाठीची आरसीडी (करंटची गळती ओळखून सप्लाय तोडणारं उपकरण) ३० मिलीअँपियरवर ट्रिप व्हावी अशी बनवलेली असते, एचटीचा तर विचारच नको. म्हणून या टप्प्यावर असेसर सूट देत नाही आणि देऊही नये असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही केबलवर काम करता म्हणून इथे एक खास प्रश्न हमखास येईल. जवळ नेल्यावर वाजणारा टेस्टर केबलच्या अंगावर ठेवून ती डेड आहे का हे कळेल का? नाही कळणार, कारण एचटी केबलला स्क्रीन (इन्सुलेशनभोवतीचं धातूचं आवरण) असते, ती अर्थला जोडलेली असते, त्यामुळे आतलं विद्युत क्षेत्र बाहेर येतच नाही आणि चालू केबलसुद्धा टेस्टरला मेलेली दिसते. म्हणून एका खड्ड्यात चार केबल असतील तर नकाशावर विश्वास ठेवून कापायचं नाही, सिग्नल सोडून केबल ओळखायची, आणि कापायच्या आधी लांबून चालवायच्या स्पायकिंग उपकरणाने तिच्यात अर्थ केलेला खिळा घुसवायचा, म्हणजे ओळखण्यात चूक झाली असेल तर फॉल्ट तिथे होईल, माणूस दूर असेल. हे जो अप्रेंटिस न विचारता सांगतो त्याच्याबद्दल माझी अर्धी काळजी तिथेच मिटते.

अर्थिंगचंही तसंच. क्लँप आधी अर्थच्या बाजूला, मग कंडक्टरला, काढताना उलटं. कारण कंडक्टरला आधी लावला आणि लाइनवर काही असलं तर दुसरं टोक तुमच्या हातात आहे. तिन्ही फेज एकत्र शॉर्ट का करायच्या? चुकून कुणी लाइन चार्ज केली तर जोराचा फॉल्ट करंट जाऊन मागचा ब्रेकर लगेच उडावा, आणि तोवर तुम्ही जिथे काम करताय तिथे फेजमध्ये आणि अर्थमध्ये मोठा फरक राहू नये म्हणून. त्यावरून पुढचा प्रश्न: मग अर्थची लीड केवढी हवी? ब्रेकर ट्रिप होईपर्यंतचा तो सगळा करंट सहन करेल एवढी. बारीक वायर गुंडाळून केलेला अर्थ वितळून जातो.

प्रॅक्टिकलमध्ये आणखी एक गोष्ट होते. डायग्राम आणि प्रत्यक्षातलं लेबल जुळत नाही. सराव घेताना मी हे मुद्दाम ठेवायचो. बरेचजण थोडे घुटमळतात आणि पुढे जातात, कारण परीक्षेत थांबलो तर मार्क जातील असं वाटतं. प्रत्यक्षात थांबून "लेबलवर वेगळा नंबर आहे, कंट्रोल रूमला विचारल्याशिवाय मी हे ऑपरेट करणार नाही" असं बोलणं हेच तिथे अपेक्षित असतं, तेवढ्यासाठीच तो प्रसंग रचलेला असतो. आणि खरोखरच लेबल चुकीचं निघालं, असेसरलाही माहिती नव्हतं, असंही घडू शकतं, तेव्हा तर थांबणं अजूनच महत्त्वाचं.

बोलायची सवय कशी लावायची? उद्यापासून प्रत्येक कामाआधी सिनियरला सांगा की आज क्रम मी सांगतो, चुकलो तर थांबवा. मोठ्याने बोला. "आता हा आयसोलेटर उघडतोय, कारण यानंतर उघडलेला गॅप डोळ्यांना दिसेल, ब्रेकरचा कॉन्टॅक्ट दिसत नाही." पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल, टीममधले हसतीलही, पण परवानगी देणारा, सुपरवाइज करणारा माणूस तुम्हीच आहात अशी कल्पना करून बोलत राहा. ऑपरेशन प्रत्यक्ष अधिकार असलेला माणूसच करेल, ठरवायचा सराव तुमचा होईल. सिनियर वैतागले तर त्यांना थेट सांगा की असेसमेंटला हेच विचारतात. त्यांचं "काम येतंय ना" हे प्रेमाचं बोलणं आहे, पण ते ज्या काळात शिकले तेव्हा अशी चर्चा बहुधा नव्हती.

तांत्रिक चर्चेबद्दल थोडं खोलात जातो कारण तुमची खरी भीती तिथे आहे. असेसर आकडा विचारत नाही, आकड्याचा अर्थ विचारतो. उदाहरण घ्या, केबल मेगर केली, एका मिनिटाला १००० मेगाओहम आलं, चांगलं की वाईट? घाईत "चांगलं" म्हणणारे खूप. नीट उत्तर असं सुरू होतं की केबल किती लांब आहे? इन्सुलेशनचा रोध लांबीच्या उलट प्रमाणात असतो, तीच केबल दुप्पट लांब असती तर ५०० आलं असतं आणि तरी ती तितकीच निरोगी असती. तापमान काय होतं? इन्सुलेशन दहा अंशांनी तापलं की रिडिंग ढोबळमानाने निम्मं होतं. टर्मिनेशन (केबलचं जोडणीचं टोक) ओली किंवा धुळकट होती का, असेल तर पृष्ठभागावरची गळती गार्ड टर्मिनल वापरून वेगळी काढली का? तिन्ही फेज एकमेकांच्या जवळपास आहेत का, की एकच खाली आहे? मागच्या वेळचं रिडिंग काय होतं? आणि शेवटी, टेस्टनंतर डिस्चार्ज किती वेळ ठेवला, कारण लांब केबल म्हणजे मोठा कपॅसिटर, तिच्यात साठलेला चार्ज मेगर बंद केल्यावर आपोआप जात नाही, टेस्ट जितका वेळ केली त्याच्या कितीतरी पट वेळ ती अर्थला ठेवावी लागते. एवढं बोललात की दहा मिनिटं गेली आणि असेसरला तुमच्याबद्दल जे हवं होतं ते सगळं मिळालं.

सबस्टेशनवाल्यांना सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मरचा) प्रश्न येतोच: चालू सीटीची सेकंडरी उघडी का ठेवायची नाही? "हाय व्होल्टेज येतं" हे अर्धं उत्तर. पूर्ण उत्तर म्हणजे प्रायमरीचा करंट लोड ठरवतो, सीटी नाही, तो वाहतच राहतो. सेकंडरीत करंट असेल तर तो कोअरमधलं चुंबकत्व बरंचसं रद्द करतो. सेकंडरी उघडली की प्रायमरीचा सगळा करंट कोअरला चुंबक करण्यातच जातो, कोअर सॅच्युरेट होतो आणि उघड्या टर्मिनलवर व्होल्टेजचे मोठे टोकदार पीक उभे राहतात, माणसाला धोका आणि सीटीचं इन्सुलेशनही जातं. म्हणून मीटर किंवा रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) काढायच्या आधी शॉर्टिंग लिंक लावायची.

प्रोटेक्शनचा एक प्रश्न तयार ठेवा, तो सगळ्या मार्गांना विचारतात: दोन ठिकाणच्या ओव्हरकरंट रिलेमध्ये ०.३ ते ०.४ सेकंदांचं अंतर का ठेवतात? पुढच्या ब्रेकरला उघडायला लागणारा वेळ, सीटी आणि रिलेतली चूक, जुन्या चकतीच्या रिलेचं करंट गेल्यावरही थोडं पुढे सरकणं, आणि वर थोडी सुरक्षित जागा, यांची ती बेरीज आहे. स्टँडर्ड इन्व्हर्स कर्व्हला (करंट जास्त तितका वेळ कमी, असा रिलेचा आलेख) सेटिंगच्या दहा पट करंट आणि टीएमएस (वेळेचा गुणक) १ असेल तर वेळ साधारण ३ सेकंद येतो, हा एक बिंदू लक्षात असला की बाकी अंदाज लावता येतो, टीएमएस निम्मा केला की वेळ निम्मा.

एखादं उत्तर येत नसेल तर? "मला हे माहिती नाही, साइटवर असतो तर अमुक मॅन्युअल बघितलं असतं किंवा कंट्रोलला विचारलं असतं आणि तोवर हात लावला नसता" हे पूर्णपणे चालणारं उत्तर आहे. ठोकून दिलेलं उत्तर चालत नाही, कारण साइटवर ठोकून देणारा माणूस आम्हाला नकोच असतो.

आता लॉगबुक. अर्धवट आहे म्हणून घाबरून जुन्या तारखा आठवून भरत बसू नका. परमिटच्या (कामाच्या लेखी परवानगीच्या) प्रती, टेस्ट रिपोर्ट, शटडाऊनच्या नोंदी यांच्या आधाराने जेवढं खरं सिद्ध होतं तेवढंच जुनं लिहा, सुपरवाइजरची सही घ्या, बाकी सोडून द्या. खोटी एक नोंद चर्चेत पकडली गेली तर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो. आणि नोंद कशी लिहायची ते महत्त्वाचं. "आरएमयूचं शटडाऊन घेऊन केबल टेस्टिंग केलं" (आरएमयू म्हणजे रिंग मेन युनिट, केबल नेटवर्कमधला स्विचचा संच) ही ओळ निरुपयोगी आहे, यातून तुम्ही तिथे होता एवढंच कळतं. त्याऐवजी: "आरएमयूवरून केबल वेगळी केली, पलीकडच्या टोकालाही लॉक आहे याची फोनवर खात्री झाल्यावरच टेस्ट लीड जोडली. बी फेज बाकी दोन्हींच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली. टर्मिनेशन पुसून पुन्हा घेतलं, फरक नाही, म्हणून दोष जॉइंटमध्ये असावा असं मी सुचवलं, सिनियरने फॉल्ट लोकेशन मागवलं." यात तुम्ही काय बघितलं, काय ठरवलं आणि तुमचा अधिकार कुठे संपला, तिन्ही आलं. अशा बारा-पंधरा नोंदी शंभर कोरड्या नोंदींपेक्षा जड भरतात, आणि चर्चेतले प्रश्न यांतूनच येत असल्यामुळे एका अर्थाने प्रश्नपत्रिका तुम्हीच लिहिता.

लॉगबुक भरताना कदाचित लक्षात येईल की सगळ्या नोंदी एकाच प्रकारच्या आहेत. वर्षभर एकाच टीमला जोडलेला अप्रेंटिस जॉइंटिंगमध्ये तरबेज होतो आणि त्याने स्विचिंग शेड्यूल (कुठला स्विच कुठल्या क्रमाने चालवायचा ते) एकदाही लिहिलेलं नसतं, यात अप्रेंटिसचं नुकसान होतं आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण मनुष्यबळ कमी म्हणून शिकाऊ माणसाला हक्काचा हात समजलं जातं. आराखड्यातल्या कुठल्या बाबींची एकही नोंद नाही ते काढा आणि या आठवड्यातच ट्रेनिंग बघणाऱ्या माणसाला लेखी द्या की या एवढ्या कामांवर मला पाठवा. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

वेळेचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे आराखडा, रिकाम्या बाबी आणि जुन्या नोंदी, मधला दीड महिना रोज मोठ्याने बोलत काम आणि आठवड्याला दोन चांगल्या नोंदी, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ज्याने तुम्हाला शिकवलेलं नाही अशा दुसऱ्या टीमच्या माणसाकडून निदान दोनदा पूर्ण सराव असेसमेंट. ओळखीचा माणूस तुमचं अर्धवट वाक्य मनात पूर्ण करतो, अनोळखी करत नाही. शेवटच्या दोन दिवसांत नवीन काही वाचू नका, झोप घ्या.

एखादा भाग गेलाच तर बऱ्याच ठिकाणी तेवढाच भाग पुन्हा देता येतो, आराखड्यात बघून ठेवा, आणि नेमकं कुठे कमी पडलं ते लेखी मागा.

आणि पास झालात तरी दुसऱ्या दिवशी स्विचिंग करायचा अधिकार आपोआप येत नाही. असेसमेंट सांगते की तुम्ही सक्षम आहात, ऑथरायझेशन कंपनी वेगळं देते, कुठल्या व्होल्टेजपर्यंत, कुठल्या नेटवर्कवर, कुठल्या कामांसाठी हे त्या पत्रात लिहिलेलं असतं आणि ठराविक काळाने ते पुन्हा तपासलंही जातं. पत्र हातात येईपर्यंत "आता झालास ना पास, जा उघडून ये" असं कुणीही म्हटलं, अगदी ज्यांनी शिकवलं त्या सिनियरनेही, तरी परमिट आणि अधिकार असलेला माणूस बरोबर आल्याशिवाय जाऊ नका.